सड्याचं चित्र

माझ्या चित्रांसमोर उभं राहून लोक एकच प्रश्न विचारतात, ह्याची वरची बाजू कुठली? पणजीत एका प्रदर्शनात माझी काही चित्रं लागली होती. एका गृहस्थांनी मान डावीकडे कलती करून पाहिलं, मग उजवीकडे, आणि बायकोला म्हणाले, "उलटं टांगलंय बहुतेक." मी शेजारीच उभी होते. म्हटलं, "सुलटंच आहे. तुम्ही उलटे होऊन बघा, काही फरक पडतो का." बायको हसली आणि गृहस्थ पुढच्या चित्राकडे सरकले. तिथे मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेलं कासव होतं, डोळ्यांत अश्रू वगैरे. तिथे ते बराच वेळ थांबले.

प्रदर्शनाचा विषय पर्यावरण होता. हल्ली सगळ्याच प्रदर्शनांचा असतो. आत थंडगार हॉल, बाहेर धडधडणारा जनरेटर, पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या बाटल्या, आणि भिंतीवर रडणारी पृथ्वी. मी कुजकं बोलते असं माझी वहिनी म्हणते आणि ते खरं आहे. पण सगळी नोकरी डिचोलीच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली की माणूस गोड राहत नाही.

आमच्या शाळेवरून खाणीचे ट्रक जायचे. मुलांचे पांढरे सदरे दुपारपर्यंत तांबूस व्हायचे, फळ्यावर खडूआधी धूळ बसायची. दर जूनमध्ये पर्यावरणावर चित्रकलेची स्पर्धा व्हायची आणि बक्षिसं द्यायला खाणवालेच कोणीतरी यायचे. मुलं दोन हिरवे डोंगर काढायची, मध्ये सूर्य, खाली नदी. वर्गाच्या खिडकीतून जो डोंगर दिसायचा तो अर्धा कापलेला होता. एकदा एका मुलीने उभं राहून विचारलं, "टीचर, डोंगर हिरवो रंगवचो काय तांबडो?" मी म्हटलं, तुला दिसतो तसा रंगव. तिने तांबडा रंगवला आणि तिला काहीही मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, चित्रात आशा हवी. त्या दिवसापासून मला हिरव्या रंगाचीच चीड आली म्हटलं तरी चालेल.

मी तांबड्याच्या मागे लागले ती तिथूनच. रस्त्याकडेची खाणीची माती आणायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची, वाळवायची, पुन्हा गाळायची आणि डिंकात कालवून कापडावर घासायची. डिंक कमी पडला की वाळल्यावर तडे जातात, जास्त झाला की गुळाच्या पाकासारखी चमक येते. हे जमायला वर्षं गेली. पण डिचोलीची माती मला परकीच राहिली. ती कोणाच्या तरी डोंगराची होती, माझ्या नव्हे.

माझा डोंगर पार्शाला, आमच्या गावी होता. डोंगर म्हणजे सडा. घरामागून वर चढत गेलं की काजूची झाडं संपतात आणि सपाट जांभा दगड सुरू होतो, पायाला चटका देणारा, पावसात काळाभोर होणारा. आमच्या घराच्या वाट्याचा त्यातला एक तुकडा. निवृत्त झाल्यावर मी घरी परत आले. लग्न केलं नाही, त्यामुळे परत यायला माहेर होतं. दादाने मागची पडवी मला दिली आणि वर एक खिडकी फोडून दिली, उजेड यावा म्हणून. तो माझ्याहून मोठा, वीज खात्यात होता, आता काजू आणि नारळ बघतो. त्याचा मुलगा बोटीवर आहे, वर्षातून एकदा येतो आणि आल्या दिवसापासून जायची तारीख सांगत राहतो. दादा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे माझा सूर कडवट होईल.

मी रोज सकाळी सड्यावर जाऊ लागले. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची सायकल पोंगा वाजवत यायच्या आत चढायचं, ऊन तापलं की उतरायचं. पहिल्या वर्षी जे दिसलं ते सगळं काढलं. काजूची वाकडी खोडं, उघड्या दगडावर अंडी घालून बसलेली आणि मी जवळ गेले की बोंब मारणारी टिटवी, श्रावणात खळग्यांतल्या पाण्याकाठी येणारी बारीक जांभळी फुलं, कडेला एका झाडाखालचा राखणदाराचा दगड. चित्रं तंतोतंत आली. किराणा दुकानाच्या कॅलेंडरावर शोभली असती. मला ती बघून शिसारी आली.

मग मी एक नियम केला. जे नसलं तरी सडा सडाच राहतो, ते काढून टाकायचं. फुलं पंधरा दिवसांची पाहुणी, ती आधी गेली. टिटवी गेली. काजू तर सड्याचे नव्हेतच, उताराचे, ते गेले. दूर शापोरा नदीचं पाणी दिसायचं, तेही पुसलं. राखणदाराचा दगड एक काळा ठिपका होऊन बरेच महिने टिकला, कारण त्याला हात लावायला मला धजवत नव्हतं. आई दरवर्षी वर जाऊन त्याला नारळ, रोट आणि विडी ठेवायची. तो देवाचा माणूस, तो सडा राखतो, असं ती सांगायची. शेवटी एका सकाळी मी त्याच्यावरून ओलं फडकं फिरवलं. राहिलं ते एवढंच: वर काळसर पट्टा, खाली तांबडा, आणि मध्ये एक रिकामी पट्टी, कापडाच्या रंगाची. सड्याचीच माती, सड्याचाच काळा. मी ते खांबाला टेकवून ठेवलं आणि मला रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेलं मला खरं वाटलं. त्याला नावही तेच दिलं, सडा.

दादाने बघितलं. बराच वेळ बघितलं, हे त्याच्या बाजूने सांगते. मग म्हणाला, "बरें आसा. पूण हातूंत सडो खंय आसा गो बाये?" त्याला त्यात सडा कुठेच दिसत नव्हता.

त्याच वर्षी दिल्लीकडचा एक माणूस धारगळच्या महामार्गावरून आत वळून आमच्या अंगणात आला. विमानतळ झाल्यापासून अशा गाड्या रोज वळतात. त्याला सडा हवा होता. वरून नदी दिसते, तिथे त्याला बंगले बांधायचे होते. दादा त्याला चहा देऊन वर घेऊन गेला, आणि उतरला तो मनाने सडा विकूनच उतरला. पण आमच्या गोव्यात बहिणीचा वाटा भावाइतकाच असतो. माझी सही झाल्याशिवाय सड्यावरचा एक दगड कोणाला देता येत नव्हता. मी सही देणार नाही म्हणून सांगितलं.

दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. काजूला माणूस मिळत नाही, मिळाला तर माकडं आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत. मुलगा परत येणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. "सड्यार कितें पिकता? फातर. आमी गेल्यार तो कोण पळयतलो?" असं तो विचारायचा. मी म्हणायचे, पिकलंच पाहिजे का सगळं? वहिनी मध्ये बोलायची नाही, फक्त ताट वाढताना भांडं जरा जोरात ठेवायची. मग तेही थांबलं. सकाळी चहा नि पोदेराचा उंडो माझ्या पडवीच्या उंबऱ्यावर ठेवलेला असायचा, आत कोणी यायचं नाही. मी पाहुणी झाले होते, आणि पाहुण्याने घर अडवून ठेवलं होतं.

मग मला शहाणपण सुचलं. मीच म्हटलं, "दादा, प्रसाद घेऊया."

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निवाडा देवळात होतो. देवाच्या छातीवर उजवीकडे नि डावीकडे पिटकोळीच्या ओल्या कळ्या चिकटवतात. गाऱ्हाणं घालतात आणि बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर देवाची मान्यता, डावी पडली तर नाही. लग्नं अशी ठरतात, विहिरी अशा खोदतात. मी डिचोलीची नोकरी धरावी का, हेही बाबांनी ह्याच देवाला विचारलं होतं. मी फार देवदेव करणारी नाही. पण माझा विचार असा होता की राखणदार देवाचा चाकर, सडा त्याच्या ताब्यात, मग देव आपल्याच चाकराला बेघर कसा करील? डावा प्रसाद होणार, दादाचं तोंड बंद होणार, आणि घरात वाईटपणा कोणाकडेच राहणार नाही. देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून मला भावावर बार काढायचा होता. ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. वहिनीने नवी साडी नेसली होती. कळ्या मीच नेल्या, आदल्या संध्याकाळी सड्याच्या कडेवरून खुडून, भिजवलेल्या रुमालात गुंडाळून. पुजाऱ्याने त्या देवाला लावल्या, आम्हाला पुढे उभं केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, हीं तुजीं लेकरां तुज्या पांयांकडे आयल्यांत."

"व्हय म्हाराजा," दादा म्हणाला.

"सड्यावयलो जागो दिल्यार घराचें बरें जातलें जाल्यार उजवो प्रसाद दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

माझ्या ते तिथेच लक्षात आलं. घराचं बरं होणार का, असं विचारलं होतं. सड्याचं काय होणार असं कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारणार कोण? गाऱ्हाणं घालायला माणूस लागतो. घराची तीन माणसं तिथे हात जोडून उभी होती, सड्याचं एकही नव्हतं. मी होते तीही घराचीच बहीण म्हणून. मी तोंड उघडलं होतं, पण गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलत नाहीत. लहानपणापासून ते हाडात भिनलेलं. मी तोंड मिटलं.

आम्ही बसलो. डावीकडची एक कळी जरा सरकली, पण ती तिथेच चिकटून राहिली. समईत तेल घालायला पुजारी वाकला आणि परत उभा राहिला, तेवढ्यात उजवीकडची कळी अलगद सुटून देवाच्या पायाशी पडली. वहिनीला रडूच फुटलं. इतके महिने तीही मनात काय काय धरून होती कोण जाणे. पुजाऱ्याने ती कळी पानात घालून दादाच्या हातात दिली.

वाटेत दादाने विजयाचा एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला भांडता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "बाये, माका वायट दिसता. पूण आतां देवान सांगलें."

"तुमी जें विचारलें तें देवान सांगलें," मी म्हटलं.

"तूंच म्हणिल्लें प्रसाद घेवया म्हूण."



तरीही मी सही नाकारू शकले असते. कायद्याला पिटकोळीची कळी कळत नाही. पण माझ्या तोंडाने मागितलेला कौल मोडायचा म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्यालाच कळेल. उद्या मुलाच्या बोटीवर काही झालं असतं, वहिनीला ताप येऊन तो उतरला नसता, तर घरातल्या प्रत्येकाने माझ्याकडे बघितलं असतं आणि मीही स्वतःकडे तसंच बघितलं असतं. मला भीती वाटली. एवढी शिकले, शहरात जाऊन लोकांना अमूर्त चित्र म्हणजे काय ते सुनावलं, आणि एका कळीने मला सुतासारखं सरळ केलं. देवाचा मला राग आला तो अजून गेलेला नाही. मी देवळात जाते, हात जोडते, पण आमचं बोलणं बंद आहे.

पेडण्याच्या कचेरीत जाऊन विक्रीच्या कागदांवर सही केली. माझ्या वाट्याचं जे आलं ते घेतलं. नाही कशाला म्हणू? सडा गेल्यावर सोवळेपणा करून तो परत येणार होता थोडाच. त्यातूनच पडवीला नवं छप्पर घातलं आणि उजेडासाठी आणखी एक खिडकी केली. तिच्यातून आता बघण्यासारखं काही नाही.

यंत्रं आली तेव्हा मी वर गेले नाही. पण आवाज खाली यायचाच. जांभ्यावर दाते घासले की जो आवाज येतो तो कानांतून दातांत उतरतो. खिडकी लावली तरी धूळ यायची, आणि एक दिवस पाहते तर माझ्या ओल्या कापडावर ती बसून वाळली होती, गाळल्याशिवाय, डिंकाशिवाय, अगदी हवी तशी. मी ते कापड फाडलं.

त्या दिवसांत मी एक वेडेपणा केला. काढून टाकलेलं सगळं परत काढायला बसले. ती जांभळी फुलं, त्यांना किती पाकळ्या होत्या? टिटवीच्या डोळ्याखाली जो रंग असतो तो पिवळा की लाल? पहिल्या वर्षीची चित्रं मी कॅलेंडर म्हणून चुलीत घातली होती. काढायला जावं तर हाताला काही आठवेना, पट्टेच येत राहिले. वहिनीला विचारलं, फुलं कशी असायची गं? ती म्हणाली, "बाय, सड्यार तुमीच वतालात. आमी खंय पळयलां?" वर जायचे ती मीच, तिने ती कधी पाहिलीच नव्हती.

राखणदाराला मात्र त्या दिल्लीवाल्याने वाऱ्यावर सोडलं नाही. दगड उचलून कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला आणला, त्याला निळ्या टाइल्सची घुमटी बांधून दिली, वर पत्रा. गावात त्याचं कौतुक झालं, म्हणे माणूस बाहेरचा पण देवाला मानतो. दादाने यंदाचा रोट तिथे ठेवला. राखायचं काय ते दगडाच्या पाठीमागे कुंपणाच्या आत राहिलं, पण विडी त्याला वेळेवर मिळते.

काम थोडं थांबलं तेव्हा दादा एका सकाळी पडवीत आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आत आला. "चल बाये, मातशें वयर वचून येवया," म्हणाला. मला जायचं नव्हतं, पण तो आपणहून आला होता. आम्ही हळूहळू चढलो. त्याचे गुडघे दुखतात, मला दम लागतो. काजू संपले, खरं तर काजू होते तिथेच आता कुंपण सुरू झालं होतं. रखवालदाराने दादाला ओळखून फाटक उघडलं.

आत सगळं सपाट केलेलं होतं. पलीकडे जिथे अजून खणायचं होतं तिथे जांभ्याची काळी कड सरळ कापलेली उभी होती. अलीकडे ताज्या तांबड्या मातीचं मैदान, रोलर फिरवलेलं. आणि दोहोंच्या मध्ये, पाया घालायला काहीतरी फिकट भुकटी पसरली होती त्याची एक रिकामी पट्टी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. झाड नाही, फूल नाही, पाण्याचा खळगा नाही, दगड नाही.

दादा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याने बघितलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कधी विसरणार नाही.

"बाये, तुजें तें चित्र माका केन्नाच कळूंक ना. आज कळ्ळें. हेंच तें न्हय गो? वयर काळें, सकयल तांबडें, आनी मदीं कांयच ना."

तो चेष्टा करत नव्हता. दादाला चेष्टा करता येत नाही. त्याला वाटत होतं मी हे आधीच पाहिलं होतं, म्हणून माझा त्याला अभिमान वाटत होता.

"व्हय," मी म्हटलं. "हेंच तें."

खाली आल्यावर त्याने ते चित्र पडवीतून स्वतः उचलून नेलं आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलं, सड्याची आठवण म्हणून. मी नको म्हटलं नाही. कोणी पाहुणे आले की तो त्यांना त्याच्यासमोर उभं करतो आणि सांगतो, हा आमचा सडा, माझ्या बहिणीने काढलाय. ते माना डोलावतात, कारण येताना वाटेत त्यांनी कुंपणातून तो पाहिलेला असतो. वरची बाजू कुठली, असं आता कोणी विचारत नाही.